सुधाकर करताय? दारू सध्या बाजूला ठेव

पहिल्यांदाच गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकातला सुधाकर करतोयस, म्हणून सांगतो. झोकांड्यांची तालीम सध्या बंद कर. दारू नंतर येते. गडकऱ्यांनी मूळ दोष आधीच पेरलाय, मानीपणा. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, वकिलीची सनद काही काळ जाते, आणि या हुशार वकिलाला ते सोसवत नाही. तिथेच दारुडा तळीराम प्याला पुढे करतो. प्याल्याकडे हात जाण्याआधीचा क्षण घाईत उरकू नकोस. घेऊ की नको, हे डोळ्यांत दिसू दे.

ॲरिस्टॉटलचा ‘हामार्तिया’, म्हणजे शोकांतिकेतल्या नायकाला बुडवणारी चूक, हा शब्द नेम चुकण्यावरून आलाय. ग्रीक शोकांतिकेतला राजा इडिपस बघ. तिठ्यावर वाट सोडायची नाही म्हणून हट्टाला पेटतो, संतापतो आणि नकळत बापालाच मारतो. पण तोच हट्ट त्याला सत्य खणून काढायला लावतो. गुण आणि दोष एकाच मुळाचे. हे मला फार उशिरा उमगलं.

म्हणून सुधाकरचा ताठा सुरुवातीला लोकांना आवडलाच पाहिजे. बायकोशी, सिंधूशी, तो प्रेमळ असू दे, खराखुरा प्रेमळ. पुढे दारू सोडून तो काम मागायला जातो, अपमान होतो आणि पुन्हा प्याला उचलतो. तेव्हा मान कोर्टातल्या दिवसासारखीच ताठ ठेव.