एक टीव्ही, एक मोबाइल, २८ मुलं : आधी प्रश्न लिहा, मग व्हिडिओ करा

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, सहावीचा पट २८, लोकवर्गणीतून आलेला ४३ इंची टीव्ही, एक जुना लॅपटॉप आणि तुमचा मोबाइल. वर्गात रेंज नाही, व्हरांड्याच्या टोकाला येते. १७ घरांत स्मार्टफोन आहे, पण तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर. गणिताचे व्हिडिओ स्वतः करायचेत, ऑनलाइन चाचणी घ्यायचीय, जमलं तर क्यूआर कोडही लावायचेत. तर कोणतं ॲप घ्यावं?

ॲपचं नंतर बघू. तुम्ही ज्या क्रमाने विचारलंय तो क्रम आधी उलटा करा. चाचणीचे चार प्रश्न कागदावर लिहा आणि त्या चार प्रश्नांपुरताच व्हिडिओ करा. व्हिडिओ आधी केला की तो हमखास बारा मिनिटांचा होतो. मुलं गप्प बसून बघतात, आणि गप्प बसलेल्या वर्गात कोणाला काय कळलं याचा पत्ता लागत नाही.

क्षेत्रफळाचंच उदाहरण घ्या. ‘सोलापुरी चादर ६० इंच रुंद आणि ९० इंच लांब आहे. तिचं क्षेत्रफळ किती चौरस फूट?’ पर्याय चार : ३७.५, ४५०, २५, १२.५. यातला एकही पर्याय भरतीचा नाही. बरोबर उत्तर ३७.५. २५ लिहिणाऱ्याने परिमिती काढली. १२.५ लिहिणाऱ्याने ५ आणि ७.५ ची नुसती बेरीज केली. आणि ४५० लिहिणारा सगळ्यात कामाचा : त्याने ६० गुणिले ९० बरोबर ५४०० पर्यंत सगळं नीट केलं आणि शेवटी १४४ ऐवजी १२ ने भागलं. फूट-इंच त्याला येतात, चौरस फूट-चौरस इंच येत नाहीत.

आता व्हिडिओत काय दाखवायचं ते आपोआप ठरलं. जुन्या वर्तमानपत्रातून १२ बाय १२ इंचाचा तुकडा कापायचा, त्यावर इंच-इंचाच्या रेघा मारायच्या आणि एका ओळीत १२, अशा १२ ओळी, म्हणजे १४४ चौकोन बोटाने मोजत दाखवायचे. चादरीच्या कडेने दोरा फिरवला की परिमिती (२५ फूट), चादर खाटेवर अंथरली की क्षेत्रफळ. बास. साडेतीन-चार मिनिटांत होतं. ‘नमस्कार विद्यार्थी मित्रांनो, आज आपण’ हे काढलं तर अर्धा मिनिट आणखी वाचतो.

रेकॉर्डिंगमध्ये लोक कॅमेऱ्याच्या मागे लागतात. चित्र थोडं मळकं असलं तरी मूल बघतं, आवाज घुमला की सोडून देतं. आपल्या शाळाखोल्या म्हणजे पत्रा, फरशी आणि उघड्या भिंती, आवाज घुमणारच. उपाय घरातच आहे : दोन सोलापुरी चादरी दोरीवर टाका, एक तुमच्या समोर, एक पाठीमागे, आणि टेबलावर जाड टॉवेल अंथरा. साध्या वायरच्या इअरफोनचा माइक ओठांपासून एक वीत खाली, पदराला किंवा ओढणीला घासणार नाही असा लावा. पंखा बंद, मोबाइल फ्लाइट मोडवर. सुरुवातीला दहा सेकंद काही न बोलता रेकॉर्ड करा, पुढे ऑडॅसिटी या आवाजाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आवाज साफ करताना हाच तुकडा नमुना म्हणून द्यायचा असतो. खरखर १२ डेसिबलपर्यंतच कमी करा. त्याच्या पुढे गेलात तर आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. (सोलापूर शहराच्या पूर्व भागात राहणाऱ्यांनी यंत्रमाग बंद असतानाच रेकॉर्ड करावं, तो खटखटाट कुठलंच ॲप धड काढत नाही.)

वही वरून दाखवायची असेल तर दोन स्टुलांवर पट्टी टाकून मोबाइल आडवा ठेवतात, ते ठीकच. पण मोबाइल जमिनीकडे तोंड करून असला की उभा-आडवा कळणारा सेन्सर गोंधळतो आणि सगळा व्हिडिओ उलटा निघतो. म्हणून मोबाइल हातात सरळ आडवा धरून आधी रेकॉर्डिंग सुरू करा, मगच स्टुलावर ठेवा. उजव्या हाताने लिहिता तर खिडकी डावीकडे हवी, नाहीतर हाताची सावली नेमकी अक्षरावर पडते. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा, म्हणजे हात आत-बाहेर गेला की चित्र काळं-पांढरं होत नाही. चौकटीच्या कडा टेबलावर चिकटपट्टीने आखून घ्या. एप्रिल-मेमध्ये हे काम सकाळच्या शाळेच्या वेळातच उरका, आपल्याकडच्या चाळीसच्या वरच्या उन्हात मोबाइल तापून रेकॉर्डिंग मध्येच बंद पडतं.

कॅमेऱ्यात मुलांचे हात आणि वही एवढंच येऊ द्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालकच धरलेला आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. चेहरे आलेच नाहीत तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

आता टीव्ही. घरी चाललेला व्हिडिओ शाळेत चालत नाही, नुसता आवाज येतो आणि चित्र काळं, ही तक्रार सगळ्यात जास्त. कारण बहुतेक वेळा एकच : नवे मोबाइल जागा वाचवायला एच.२६५ पद्धतीने व्हिडिओ साठवतात आणि जुन्या टीव्हीला ती कळत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘हाय एफिशियन्सी’ असं काहीतरी असतं, ते बंद करा. आधीच केलेले व्हिडिओ लॅपटॉपवर हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाकून ‘फास्ट ७२०पी३०’ निवडून एमपी४ करून घ्या. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असावा. एनटीएफएस अनेक टीव्ही उघडत नाहीत. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या आत लागते, पण चार मिनिटांच्या व्हिडिओला त्याची भीती नाही.

पालकांना पाठवायची प्रत वेगळी करा. ४८०पी, चित्र ४५० केबीपीएस, आवाज मोनो ६४ केबीपीएस ठेवला की चार मिनिटांचे साधारण १५ एमबी होतात. व्हॉट्सॲपवर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. ‘व्हिडिओ’ म्हणून टाकली तर ते पुन्हा दाबतं आणि अनुस्वार-वेलांट्या पुसट होतात.

अक्षरांचं आणखी एक. लॅपटॉपवर श्रीलिपी किंवा कृतीदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली स्लाइड दुसऱ्या मशिनवर गिचमिड दिसते. सगळं युनिकोडमध्येच करा, मुक्ता किंवा बालू हे फॉन्ट फुकट मिळतात आणि लांबून वाचता येतात. लहान वर्गांसाठी काही करणार असाल तर फॉन्टमधला ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचा आहे ना, एवढं बघून घ्या. शेवटच्या रांगेत स्वतः बसून वाचून बघा. तुम्हाला डोळे बारीक करावे लागले तर मुलाला दिसत नाहीच. स्लाइडचा खालचा पाचवा भाग मोकळा सोडा, कारण रिमोटने थांबवलं की बऱ्याच टीव्हींवर तिथेच पट्टी येते. आणि थांबवायचं तर आहेच : चार मिनिटांत किमान दोनदा, ‘पाटीवर लिहा’ म्हणून.

वीज गेली तर? ४३ इंची एलईडी टीव्ही साधारण १०० वॉट धरा. १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरू द्यायची नाही, इन्व्हर्टरमध्येही थोडं जातं, तरी सहा-सात तास टीव्ही चालतो. म्हणजे एका वर्गाच्या टीव्हीसाठी याहून मोठ्या बॅटरीची वर्गणी मागायची गरज नाही. वळवाच्या पावसात मात्र प्लग काढून ठेवा, नुसतं रिमोटने बंद करून भागत नाही.

सगळं स्वतः करायचा हट्टही नको. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर सरकारच्या दीक्षा ॲपने उघडतो, कॅमेरा नीट नसेल तर त्या कोडखालची सहा अक्षरं टाइप केली तरी चालतं. व्हरांड्यात उभं राहून साहित्य डाउनलोड करा, वर्गात नेटशिवाय दाखवा. अपूर्णांक आणि विजेची मंडलं यासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ सिम्युलेशन्स बघाच. बरीच मराठीत आहेत, फाइल उतरवून घेतली की ब्राउझरमध्ये नेट नसताना चालतात. फक्त बटण दाबण्याआधी ‘काय होईल?’ हे मुलांकडून वहीत लिहून घ्या, नाहीतर तो नुसता खेळ होतो.

स्वतःचे क्यूआर कोड लावण्याची कल्पना आपल्या जिल्ह्याला नवी नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेतल्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, त्यात पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडच्या कामाचा मोठा वाटा होता. तुमच्या परिस्थितीत मात्र लिंकचा क्यूआर दिवसा निरुपयोगी, कारण फोनही नाही आणि रेंजही नाही. त्याऐवजी क्यूआरमध्ये थेट मजकूर भरता येतो, तो वाचायला नेट लागत नाही. सूचना किंवा उत्तर ६०-७० अक्षरांत बसवा. देवनागरीचं एकेक अक्षर तीन बाइट खातं, काना-मात्रा वेगळ्या, म्हणून मजकूर वाढला की कोड दाट होतो आणि स्वस्तातल्या मोबाइलला वाचता येत नाही. छपाई किमान ३ सेंटिमीटर, भोवती पांढरी कड सोडून, आणि चकचकीत लॅमिनेशन नको, उजेड परावर्तित होतो. ‘डायनॅमिक’, म्हणजे त्यांच्याच साइटमार्फत उघडणारे, क्यूआर देणाऱ्या फुकट साइट टाळा, मुदत संपली की भिंतीवरचे सगळे कोड मुके होतात.

चाचणी. वर्गात लगेच उत्तर हवं असेल तर २८ मुलांना चार-चार रंगीत पुठ्ठे द्या, अ लाल, ब हिरवा, क पिवळा, ड निळा. तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम वर. एकामागून एक वर आले तर समजा की हुशार मुलाकडे बघून उचललेत. प्लिकर्स हे ॲप हेच काम कागदी कार्ड आणि एका मोबाइलवर करतं. प्रत्येक मुलाचं कार्ड वेगळं, कार्ड कुठल्या बाजूला फिरवून धरलं त्यावरून उत्तर कळतं, त्यामुळे नक्कल होत नाही. पण त्याला नेट लागतं, म्हणजे मुलांना व्हरांड्यात बसवावं लागेल.

घरी सोडवायला गूगल फॉर्म पुरतो. संध्याकाळी सातला लिंक पाठवा, सकाळी शाळेच्या वेळेला बंद करा, वडील घरी असतात ती हीच वेळ. सेटिंगमध्ये क्विझ चालू करा. ‘एकच प्रतिसाद’ हे बंद ठेवा, ते चालू असलं की गूगल खात्याने लॉगइन मागतं, आणि एका फोनवरच्या दोन भावंडांपैकी दुसऱ्याची वाट अडते. फाइल अपलोडचा प्रश्न घातला तरी लॉगइन मागतंच, म्हणून तोही नको. ईमेल गोळा करू नका. नावाऐवजी हजेरी क्रमांक, तोही यादीतून निवडायचा.

उत्तर टाइप करायला लावलंत तर जपून. फॉर्म अक्षर न् अक्षर जुळवून बघतो. तुम्ही नोंदवलेल्या बरोबर उत्तरात (‘किल्लीत’) मराठी आकड्यांत ३७.५ आहे आणि मुलाने इंग्रजी आकड्यांत लिहिलं, तर शून्य. ‘३७.५ चौ. फूट’ लिहिलं, तरी शून्य. एका प्रश्नाला अनेक बरोबर उत्तरं नोंदवता येतात, तशी सगळी रूपं नोंदवा, नाहीतर सरळ पर्यायी प्रश्न द्या. चुकलेल्या उत्तरावरचा अभिप्रायही तिन्ही चुकांना एकच जातो. ४५० वाल्याला आणि २५ वाल्याला वेगवेगळं समजवायचं असेल तर ‘उत्तरानुसार विभागाकडे जा’ ही सोय वापरा. गुण मात्र लगेच दाखवू नका, पहिल्या मुलाचा स्क्रीनशॉट पाच मिनिटांत ग्रुपवर येतो. याच कारणाने या चाचणीचे गुण निकालपत्रकात धरू नयेत.

सकाळी फॉर्मच्या उत्तरांची शीट उघडल्यावर सरासरी बघत बसू नका, प्रत्येक चुकीचा पर्याय किती जणांनी निवडला ते मोजा. शीटमधल्या ‘काउंटइफ’ या मोजणीच्या सूत्राने दोन मिनिटांचं काम. ४५० वाले आठ-दहा निघाले तर तो वर्तमानपत्राचा तुकडा पुन्हा सगळ्या वर्गासमोर. तीन-चारच असतील तर त्यांना पुढे बसवून त्यांच्याच हातून चौकोन मोजून घ्या, बाकीच्यांना पुढचं उदाहरण द्या. फोन नसलेल्या ११ मुलांना तेच चार प्रश्न परिपाठानंतर कागदावर द्या आणि त्यांची उत्तरं तुम्ही त्याच शीटमध्ये भरा. ती राहिली की तुमचा आकडा फोन असलेल्या घरांचा निघतो, सहावीचा नाही.