वाचकांचे प्रश्न : बगिच्यातले बुंधे मशीननं काढताना

प्रश्न : काटोल तालुक्यात आमचा चार एकर संत्र्याचा बगीचा होता. झाडं २२ वर्षांची. डिंक्यानं, म्हणजे खोडातून डिंक गळायच्या रोगानं, निम्मी वाळली म्हणून मृग बहाराची फळं उतरवली आणि सगळी झाडं तोडून टाकली. लाकूडवाल्यानं ती जमिनीला लागून कापून नेली. आता बुंधे जेसीबीनं काढायचे की पोकलेन आणायचं? गावात काही जण सांगून राहिले की ट्रॅक्टरला साखळी लावून ओढा, खर्च वाचते. येत्या पावसाळ्यात त्याच वावरात पुन्हा संत्रा लावायचा आहे.

उत्तर : भाऊ, ट्रॅक्टरचं आधी सांगतो, कारण त्यात जीव जातो. साखळी मागच्या आसापेक्षा उंच बांधली आणि बुंधा हलला नाही, की ट्रॅक्टरचं तोंड उचललं जातं. ड्रायव्हरचा पाय क्लचपर्यंत पोचायच्या आत तो मागे उलटतो. साखळी तुटली तर ती अंगावर येते ते वेगळंच. उपटणं हे ट्रॅक्टरचं काम नाही. कोणी कितीही सांगो, हा विषय डोक्यातून काढा.

संत्र्याला जेसीबी पुरतं. आपल्याकडची कलमं बहुतेक जंबेरी लिंबाच्या खुंटावर बांधलेली असतात. त्यांची बरीचशी मुळं वरच्या दोन फुटांत असतात आणि खोल जाण्यापेक्षा आडवी जास्त पसरतात. जेसीबीचं वजन साडेसात टनांच्या आसपास, पोकलेनचं सहज वीस टन. ते ट्रेलरवर घालून आणायचं, आपल्या काळ्या जमिनीवर फिरवायचं आणि मग दबलेली माती मोकळी करत बसायचं, एवढी गरज संत्र्याच्या बुंध्याला नाही. पोकलेन चिंचेला, जुन्या आंब्याला, मोठ्या कडुनिंबाला लागतं.

झाडं जमिनीलगत कापली गेली, हे मात्र तुम्हाला नडणार. ज्यांचा बगीचा अजून तोडायचा आहे त्यांनी हे वाचून ठेवा : लाकूडवाल्याला सांगा की तीन-चार फूट खोड उभं ठेवायचं. मशीनला पकडायला आणि ढकलायला तेच खोड लागतं. वरून रेटा दिला की मागची मुळं उचलून येतात, निम्मं काम तिथंच होतं. लाकूडवाल्याला दोन पैसे कमी मिळतील, म्हणून तो कुरकुर करेल. तुमचे मशीनचे तास किती वाचतात ते बघा.

तुमच्याकडे खोड उरलेलं नाही, तेव्हा मुळं तोडूनच बुंधा सोडवावा लागेल. वीस बाय वीस फुटांची लागवड असेल तर एकरी १०८-११० झाडं, म्हणजे चार एकरांत सव्वाचारशेच्या वर बुंधे. एवढ्या कामाला वाफसा नीट साधला पाहिजे. एप्रिलमध्ये आपली काळी माती कोरडी ठणक झालेली असते. त्यात बकेटचे दात घसरतात, बुंधा मानेतून मोडतो आणि मुळं खालीच राहतात. ओली असेल तर मशीन रुततं. तुमचं ठिबक अजून गुंडाळलं नसेल तर एक रात्रभर चालवा आणि चार-सहा दिवस थांबा. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि बोटानं टोचला की फुटावा, तेव्हा मशीन बोलवा. त्याआधी नळ्या गुंडाळून ठेवा. सबमेन पाइप आणि मोटारीची केबल जमिनीखालून जिथून जाते तिथं चुन्याची फक्की मारा. ऑपरेटरला तोंडी सांगितलेलं दहाव्या बुंध्यापर्यंतही लक्षात राहत नाही. विहिरीच्या कडेला मशीन नेऊच नका, तिथले बुंधे मजुरांकडून काढा.

मशीनला मागचं अरुंद बकेट लावायला सांगा, दीड-दोन फुटी, दात शाबूत असलेलं. झिजलेले दात मूळ कापत नाहीत, नुसते ओढतात. जॅक टेकवून मशीन स्थिर झालं की पहिला घाव मशीनपासून लांबच्या बाजूला, बुंध्यापासून दीड-दोन फूट सोडून. दात खाली घालून बकेट आपल्याकडे ओढलं की मुळं तुटल्याचा आवाज येतो, एकेक कडाडतं. मग दोन्ही बगला. तीन बाजू मोकळ्या झाल्या की बकेट बुंध्याखाली घालून हळू वळवायचं. बुंधा स्वतःहून कलला पाहिजे. मशीनचंच अंग उचलायला लागलं तर समजा की एखादं जाड मूळ राहिलं आहे. ऑपरेटरला थांबवा, पुन्हा खणायला लावा. हिसके देऊन मशीनही खराब होतं आणि मूळही तुटून आत राहतं.

काम चालू असताना गावातली पोरं बघायला जमतात. बूम फिरते त्या टप्प्याच्या बाहेर, निदान तीस फूट लांब, एखादा माणूस फक्त त्यांना अडवायला उभा करा.

नगावर ठेका देऊ नका, तासावर घ्या. नगावर घेतलेला ऑपरेटर दिवस संपायच्या आत आकडा भरायला बघतो, आणि मानेतून मोडलेला बुंधाही मोजतो. तासावर घेतलं तर मीटर सुरू होताना आणि थांबताना तुम्ही स्वतः बघा.

बुंधा वर आला की एक गोष्ट हातात घेऊन पाहा. टोकाची बारीक मुळं दोन बोटांत धरून ओढा. साल सहज निघून आली आणि आत नुसती दोऱ्यासारखी शीर राहिली, तर तो फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूचा सडवा, म्हणजे तुमचा डिंक्याच जमिनीखाली. निरोगी मुळाची साल अशी सुटत नाही. चार-पाच ठिकाणची अशी मुळं आणि त्यांच्याजवळची माती पिशवीत घाला आणि नागपूरला अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत शास्त्रज्ञांना दाखवा. अंदाजानं औषध ओतण्यापेक्षा ते बरं.

बुंधे लगेच ट्रॉलीत भरून बाहेर काढू नका. प्रत्येकाच्या मुळांत घमेलंभर, कधी दोन घमेली वरची चांगली माती अडकलेली असते. उलटे करून आठवडाभर उन्हात पडू द्या. मग बकेटनं हलकेच आपटलं की माती वावरातच गळते. चारशे बुंध्यांची ही माती म्हणजे काही ट्रॉल्या होतात, आणि ती विकत मिळत नाही. वावरात ढीग करून जाळूही नका, खालची माती भाजते. संत्र्याचं लाकूड चांगलं जळतं, वीटभट्टीवाले किंवा गावातलेच लोक नेतील.

खड्ड्यांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. मशीन गेलं की काम संपलं असं वाटतं आणि इथंच जमीन बिघडते. खणताना वरची काळी माती एका बाजूला आणि खालची चुनखडी किंवा मुरूम दुसऱ्या बाजूला टाकायला लावा. संत्र्याला चुनखडी मानवत नाही, ती वर आली तर पुढची बाग पिवळी पडते. खड्डे मे महिन्याच्या उन्हात उघडे ठेवा. वावरभर खोल नांगरट करून अंगठ्याएवढी सुद्धा मुळं वेचून घ्या. सडक्या मुळांच्या तुकड्यांत रोग जिवंत राहतो, नवीन कलमाचं मूळ तिथं पोचायचीच तो वाट बघतो. जूनमध्ये पाऊस लागायच्या आत खड्डे भरा : खालची माती खाली, वरची वर, आणि जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच. दोन-तीन पावसांत ती बसते. सपाट भरलेला खड्डा पावसाळ्यात डबकं होतो, आणि डिंक्याला साचलेलं पाणीच हवं असतं.

आता येत्या पावसाळ्यातल्या लागवडीचं. नका लावू, भाऊ. चार एकर मोकळे बघून जीवाला लागतं, उत्पन्न बंद झालेलं असतं, सगळं समजतं. पण डिंक्यानं मारलेल्या जमिनीत लगेच तेच पीक म्हणजे कलमाचे, खड्ड्याचे आणि पुढच्या पाच वर्षांचे पैसे पणाला लावणं. यंदा सोयाबीन-तूर घ्या, त्यानंतर हरभरा. एक वर्ष, जमलं तर दोन. मग लावाल तेव्हा जुन्या ओळींच्या मध्ये नवीन ओळी आखा. भारी जमिनीत उंच गादीवाफ्यावर लावा, पाणी निघायला चर काढा, आणि डोळा, म्हणजे कलमाचा जोड, जमिनीपासून वीतभर तरी उंच बांधलेली कलमं खात्रीच्या रोपवाटिकेतून घ्या.

प्रश्न : हुडकेश्वरला प्लॉट घेतला आहे. आधीच्या मालकानं परवानगी काढून कडुनिंब तोडला, बुंधा कंपाउंडच्या भिंतीपासून तीन फुटांवर आहे. तिथंच घराचा एक कोपरा येतो. जेसीबी लावू का?

उत्तर : काढायचा तर आहेच, घराखाली बुंधा ठेवता येत नाही. तो कुजतो, पोकळी होते, वाळवी लागते. पण भिंतीच्या बाजूची मुळं आधी मजुरांकडून मोकळी करून करवतीनं कापून घ्या. मुळं भिंतीच्या पायाखाली गेलेली असतील आणि मशीननं बुंधा ओढला तर भिंत सोबत येईल. ती बाजू तुटली की मशीन आत, रस्त्याच्या दिशेनं ओढायचं. गल्लीतली पाण्याची लाइन आणि वरच्या विजेच्या तारा आधी बघून घ्या.

खड्डा काळ्या मातीनं भरू नका. मुरूम आणा, अर्ध्या-पाऊण फुटाचा थर, पाणी, धुमस, मग पुढचा थर. आणखी एक गोष्ट, जी ठेकेदार सहसा सांगत नाहीत : मोठं झाड इतकी वर्षं तिथलं पाणी ओढत होतं. झाड गेलं की काळी माती हळूहळू ओल धरते आणि फुगते, एखाद-दोन पावसाळे तरी. त्या कोपऱ्याचा पाया किती खोल घ्यायचा, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला झाड कुठं होतं ते जागेवर दाखवून विचारा. नकाशावर झाड दिसत नाही.

प्रश्न : उमरेडहून लिहिते आहे. अंगणात सुबाभळीचा बुंधा आहे, सारखा फुटतो. मशीन आत येत नाही. मीठ घाल, डिझेल ओत, असं सगळे सांगतात.

उत्तर : ताई, दोन्ही नको. मिठानं अंगणातली माती खराब होते, शेजारचा कढीपत्ताही जाईल. डिझेल विहिरीकडे झिरपतं. सुबाभूळ फुटणारच, तिचा स्वभाव आहे. बुंधा जमिनीच्या खाली चार बोटं कापून घ्या, वर गिरमिटानं भोकं पाडा, त्यांत शेणकाला भरा आणि मातीनं झाका. फुटवा दिसला की कोवळा असतानाच मोडा, एकही पान मोठं होऊ देऊ नका. पानं नाहीत तर मुळांना अन्न नाही. वेळ लागेल, पण कुजेल.

प्रश्न : पारशिवनी तालुक्यात धुऱ्यावर (वावराच्या बांधावर) सागाची झाडं आहेत. मशीन आलंच आहे तर तोडून बुंध्यासकट काढून टाकावीत का?

उत्तर : मशीन आलं म्हणून झाड तोडू नका, दादा. साग १९६४च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत आहे. आंबा, मोह, चिंच, जांभूळ, खैर, हेही तिथंच येतात. स्वतःच्या वावरातला असला तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आधी, कुऱ्हाड नंतर, आणि लाकूड हलवायला वाहतुकीचा परवाना वेगळा. सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का तेही तलाठ्याकडे बघून घ्या. परवानगीनं तोडलाच, तर धुऱ्यावरचा बुंधा काढू नका. साग बुंध्यातून जोमानं फुटतो. पहिल्या पावसानंतर आलेल्या फुटव्यांतला सरळ, दणकट असा एकच ठेवा, बाकीचे छाटा. मुळं जुनी असल्यामुळं तो नव्या रोपापेक्षा लवकर वाढतो, आणि धुराही पावसात खचत नाही.