कानातला ओळंबा

प्रश्न : मी गवंडीकाम करतो. भिंत सरळ आहे का, हे ओळंबा सोडल्याशिवाय सांगता येत नाही. पण डोळे मिटले तरी आपण सरळ उभे आहोत हे कळतं. ते कसं? (वाचक, सातपूर)

उत्तर : कारण ओळंबे तुमच्या कानातही आहेत, प्रत्येक कानात दोन. पडद्याच्या खूप आत, हाडाच्या पोकळीत उट्रिकल आणि सॅक्युल नावाच्या दोन इवल्या पिशव्या असतात. त्यांत केसाळ पेशींचा थर, वर जेलीसारखा पापुद्रा आणि पापुद्र्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडूच्याच जातीचे कण. एकेक कण साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. भोवतालच्या पाण्यापेक्षा ते जवळपास पावणेतीन पट जड असतात, म्हणून डोकं कललं की उताराकडे सरकतात आणि खालचे केस वाकवतात. केस एका बाजूला वाकले की नसेतून जाणारे संदेश वाढतात, उलटे वाकले की घटतात.

मेंदू एवढ्यावरच विसंबत नाही. तळपायांवरचा दाब, मानेच्या आणि घोट्यांच्या स्नायूंचा ताण, डोळ्यांना दिसणारी दारं-भिंती हे सगळं तो पडताळून बघतो. विहिरीत सूर मारून गढूळ पाण्यात गेलं की पायांचा दाबही जातो आणि दिसणंही, मग वर कुठे हे क्षणभर उमगत नाही. अशा वेळी बुडबुडे जातात ती बाजू वरची.

तुमचा ओळंबा घरी तपासता येतो. अपारदर्शक बादली घ्या. आत तळाला मधोमध एक सरळ रेघ मारा, बाहेरून त्याच रेघेला जुळवून कोनमापक चिकटवा आणि त्याच्या मध्यावरून दोऱ्याला नट बांधून सोडा. खुर्चीत बसून चेहरा बादलीत घाला. दुसऱ्याने बादली तिरकी करून सावकाश फिरवायची, रेघ उभी वाटली की तुम्ही ‘थांब’ म्हणायचं. दोरा रेघेपासून किती अंश सरकलाय ते कोनमापकावर टिपा, असं दहा वेळा करून सरासरी काढा. निरोगी माणसाची चूक साधारण अडीच अंशांच्या आत राहते. दर वेळी एकाच बाजूने सुरुवात केली तर उत्तर त्या बाजूला ओढलं जातं, म्हणून बाजू आलटून-पालटून घ्या. कडी काढून ठेवा, नाहीतर तिच्यावरून सरळ बाजूचा सुगावा लागतो.

प्रश्न : नाशिकरोडहून कल्याणला जाताना कसारा घाटात गाडी उतारावर आहे हे डब्यात जाणवतच नाही. असं का? (वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर : तो उतार ३७ मीटरला १ मीटर, म्हणजे जेमतेम दीड अंश. वर सांगितलेल्या चुकीतच तो मावतो. शिवाय खिडक्या-बाकं सगळी डब्याला समांतर असतात, त्यामुळे डोळे सपाटीचीच ग्वाही देतात. पाण्याची अर्धी बाटली टेबलावर ठेवून बघा, सात सेंटिमीटर रुंदीत पाण्याच्या दोन कडांमध्ये दोनेक मिलिमीटरचा फरक दिसेल. मात्र गाडी एका वेगात असतानाच बघा. ब्रेक लागला की पाणी पुढे सरकतं आणि कानातले कणही, आणि तो कल उताराचा की वेग घटल्याचा, हे एकट्या कणांना सांगता येत नाही.

प्रश्न : आईला (वय ६३) कूस बदलली की खोली गरगर फिरते, अर्ध्या मिनिटात थांबते. ‘कानातले खडे सरकलेत’ असं सांगून गोळ्या मिळाल्या. दोन आठवडे झाले, फरक नाही. (वाचक, इंदिरानगर)

उत्तर : निदान बरोबर वाटतं, पण गोळ्यांनी सुटलेले कण जागेवर जात नाहीत, त्या फक्त भोवळ बोथट करतात. उट्रिकलचे काही कण सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत, बहुधा मागच्या, पडलेले असतात. नलिकेचं काम डोकं वळलं हे सांगणं. कूस बदलताच कण ओघळतात, सोबत पाणी हलतं आणि डोकं स्थिर असूनही ‘फिरतंय’ असा खोटा निरोप जातो.

उपाय एप्लीची कृती. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून बाजू ठरवून घ्या आणि पहिली वेळ त्यांच्याकडूनच करून घ्या. मानेचा किंवा मणक्याचा त्रास असेल तर आधीच सांगा.

उजव्या कानासाठी : पलंगावर पाय पसरून बसायचं, मान ४५ अंश उजवीकडे. तशीच ठेवून पाठीवर आडवं व्हायचं. उशी खांद्यांखाली हवी, म्हणजे डोकं थोडं मागे झुकतं. गरगर येईल, ती थांबून वर अर्धा मिनिट जाऊ द्या. मग डोकं न उचलता ९० अंश डावीकडे, पुन्हा तेवढाच वेळ. मग अंगासकट डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, पुन्हा थांबा. शेवटी त्याच बाजूने पाय खाली सोडून, हनुवटी छातीशी ठेवून हळूच बसायचं. बहुतेकांचं बिनसतं ते डाव्या कुशीवर वळताना: अंग वळतं, पण चेहरा भिंतीकडेच राहतो, आणि कण अर्ध्या वाटेत अडकतात. उशी डोक्याखाली घेतली तरी हाच घोटाळा. डावा कान असेल तर सगळ्या दिशा उलट.

गरगर तासन्‌तास टिकली, एक वस्तू दोन दिसल्या, जीभ अडखळली, हात-पाय लुळा पडला किंवा आधाराशिवाय उभंच राहता आलं नाही, तर ही कृती करत बसू नका. तो पक्षाघात असू शकतो, आईंना तडक रुग्णालयात न्या.