‘क्रांती’त ‘पुन्हा’ कुठे आहे?

प्रश्न असा आहे: इंग्लंडमध्ये १६४२ ते १६६० या काळात जे घडलं (राजा आणि पार्लमेंटची लढाई, राजाचा शिरच्छेद, राजाविना कारभार आणि शेवटी त्याच्या मुलाचं राजा म्हणून परतणं) त्याला मराठीत क्रांती म्हणावं, बंड म्हणावं, यादवी म्हणावं की धर्मयुद्ध? आणि त्या काळातल्या इंग्रज कवी जॉन मिल्टनला ‘क्रांतिकवी’ म्हटलं तर चालेल का?

बंड आणि यादवी कोणत्याही कोशात सापडतील, त्यांवर वेळ घालवत नाही. सगळा रस ‘क्रांती’त आहे. पण आधी एक गोष्ट सांगूनच टाकतो, कारण ती ऐकून कान किटले आहेत. कोपर्निकसने १५४३ साली ‘आपल्या ग्रंथाच्या नावातच क्रांतीची घोषणा केली’ हे वाक्य भाषणांत, लेखांत, पाठ्यपुस्तकांच्या टिपांत सर्रास येतं. साफ चूक. त्या लॅटिन नावातल्या ‘रेव्होल्युत्सिओ’चा अर्थ परिभ्रमण, म्हणजे फिरून मूळ जागी येणं, एवढाच आहे. कोपर्निकस गोलांच्या फेऱ्यांबद्दल लिहीत होता, उलथापालथीबद्दल नव्हे. ‘तीनशे साठ अंशांत बदल’ हा प्रयोग आज चुकीचा ठरतो, पण ‘रेव्होल्यूशन’चा जुना अर्थ नेमका तोच: पूर्ण फेरा आणि परत ठिकाणावर.

आता आपला शब्द बघा. ‘क्रम्’ धातू, म्हणजे पाऊल टाकणं, ओलांडणं. त्याच घरातले पराक्रम, अतिक्रमण, संक्रांत. तीन पावलांत विश्व व्यापणारा त्रिविक्रमही तिथलाच. ज्योतिषात क्रांती म्हणजे सूर्य विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला जेवढा सरकतो ते अंतर. जुन्या सिद्धांतग्रंथांत ते जास्तीत जास्त २४ अंश मानलं आहे, आजचं मोजमाप सुमारे २३.४ अंशांचं. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या सिद्धांतशिरोमणीत क्रांतिवृत्त (सूर्याचा आकाशातला मार्ग) आहे, क्रांतिज्या (क्रांतीच्या कोनाची ज्या, म्हणजे साइन) आहे. पण ग्रहाच्या पूर्ण फेऱ्यासाठी त्यांचा शब्द ‘भगण’. म्हणजे कोपर्निकसच्या शब्दाला नेमका प्रतिशब्द हवा असेल तर तो भगण, क्रांती नव्हे! सूर्यही उत्तरेहून परत येतो हे खरं, पण ते परत येणं ‘क्रांती’ या शब्दात नाही. त्यात फक्त रेषा सोडून टाकलेलं पाऊल आहे.

(जाता जाता: बंगालीत क्रांतीला ‘विप्लव’ म्हणतात, त्यात पूर आहे. ‘इन्किलाब’मध्ये उलटणं आहे, आणि अरबीत सूर्य जिथून मागे वळतो त्या अयनबिंदूलाही ‘इन्किलाब’च म्हणतात. इतक्या भाषांनी राजे उलथवण्याचा शब्द आकाशातून आणावा, याचा मला वर्षानुवर्षं आनंद वाटत आला आहे.)

आता माझा आवडता सिद्धांत. सोळाव्या-सतराव्या शतकातला युरोप धर्मावरून रक्तबंबाळ झाला, आणि त्या काळातले बदलाचे जवळजवळ सगळे मोठे शब्द ‘रि’ने, म्हणजे ‘पुन्हा’ने सुरू होतात. रिफॉर्मेशन (धर्मसुधारणा), रेस्टोरेशन (राजपदाची पुनःस्थापना), रिव्होल्यूशन. (रिपब्लिक यात धरू नका, तिथला ‘रि’ उपसर्ग नाही, ‘रेस’ म्हणजे वस्तू, व्यवहार.) हा योगायोग नाही. भांडणच मुळी ‘मूळचं’ कोणाकडे आहे याचं होतं. लूथरपंथी म्हणाले, आम्ही पहिल्या चर्चकडे परत चाललो आहोत. रोमनिष्ठ म्हणाले, तुम्ही घर सोडून गेलात, परत या. नवं आणतोय असं कोणीच कबूल करत नव्हतं, कारण धर्मात ‘नवं’ म्हणजे पाखंड. म्हणून लूथरच्या १५१७ नंतरच्या चळवळीला ‘धर्मक्रांती’ म्हणणं मला पटत नाही. ‘धर्मसुधारणा’ हाच शब्द नीट आहे.

कवींनी हे ‘पुन्हा’ किती खोल मुरवलं होतं ते पाहा. राजा गेल्यावर सत्तेवर आलेल्या सेनानी क्रॉमवेलच्या १६५८ सालच्या अंत्ययात्रेच्या यादीत मिल्टन, मार्व्हेल आणि ड्रायडन ही तिन्ही नावं आहेत. तिघेही त्याच्या सरकारचे नोकर. दोन वर्षांत मारलेल्या राजाचा मुलगा राजा म्हणून परतला आणि ड्रायडनने स्वागताची कविता लिहिली, तिचं नाव ‘अस्ट्रिया रेडक्स’, परत आलेली न्यायदेवता. पुन्हा तोच ‘रे’. मार्व्हेलने मात्र १६५० मध्येच क्रॉमवेलबद्दल लिहिलं होतं की त्याने जुनी राज्यं दुसऱ्या साच्यात ओतली. दुसरा साचा! इथे मागे जाणं नाही. आपल्या अर्थाची क्रांती त्या ओळीत आहे, शब्द मात्र नाही.

आणि मिल्टन? राजाचा शिरच्छेद झाला ३० जानेवारी १६४९ रोजी, आणि त्याच वर्षी मिल्टनने त्याचं जाहीर समर्थन केलं. १६६० मध्ये, राजा परत येणार हे उघड दिसत असताना, या आंधळ्या माणसाने प्रजासत्ताकाच्या बाजूने पुस्तिका काढली. पुढे त्याची पुस्तकं जाळली गेली, तो अटकेत पडला. इतका क्रांतीत बुडालेला कवी, पण ‘पॅरडाइज लॉस्ट’मध्ये हा शब्द येतो तेव्हा तो फिरण्याच्याच अर्थाने. आठव्या सर्गात ताऱ्यांचं रोजचं अविश्रांत फिरणं. दहाव्या सर्गात आदमला वाटतं की मरण आलं की सुटलो, आणि तेवढ्यात ती भीती ‘भयानक रिव्होल्यूशन’ घेत गडगडत त्याच्या डोक्यावर परत येते. सैतानाच्या उठावाला तो बंड म्हणतो.

इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने तर १६६८ च्या सुमारास स्वच्छच लिहिलं की या रिव्होल्यूशनमध्ये सार्वभौम सत्तेची वर्तुळाकार गती दिसली: आधीच्या राजाकडून, मध्ये सत्ता बळकावणाऱ्या दोघांच्या हातून, त्या राजाच्याच मुलाकडे. म्हणजे त्याच्या लेखी राजा परत आला तेव्हा फेरा पुरा झाला.

हाना आरेंट या विदुषी म्हणतात की फिरण्यावरचा भर सुटून ‘कोणाला न आवरणारं’ या अर्थावर तो सरकला १७८९ च्या जुलैमध्ये, पॅरिसचा बास्तीय तुरुंग पडल्यावर, जेव्हा ‘हे बंड आहे का?’ या फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्या प्रश्नाला ‘नाही महाराज, ही क्रांती आहे’ असं उत्तर मिळालं. प्रसंग म्हणून देखणा, शब्दाचा इतिहास म्हणून लंगडा. नेपल्समध्ये १६४७ च्या जुलैत फळांवरच्या करावरून मासानिएल्लो नावाच्या कोळ्याने शहर पेटवलं. त्याच वर्षी जिराफी नावाच्या लेखकाने त्या घटनेवर इटालियनमध्ये पुस्तक लिहिलं, त्याचं नाव ‘नेपल्सची रिव्होल्यूशन्स’, आणि १६५० मध्ये ते इंग्रजीत आलं. तिथे परत कोण आलं होतं? कोणी नाही. आवरता न येणारी गर्दी तिथेही होतीच. शब्दाचे अर्थ एका रात्रीत, एका दरबाऱ्याच्या तोंडून बदलत नसतात. दीडशे वर्षं दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदत होते. मोठ्या नावांच्या लेखकांनी असा एकच नाट्यमय क्षण निवडला की पुढचे सगळे तोच गिरवतात, याचा मला राग येतो.

उत्तर राहिलं. लढायांना यादवी म्हणा. तिच्यात धर्माचा वाटा मोठा होता, पण नुसतं धर्मयुद्ध म्हटलं तर पार्लमेंट आणि कर बाजूला पडतात. बंड हा राजनिष्ठांचा शब्द. क्लॅरेंडनने आपल्या इतिहासाच्या नावातच तो घातला. १६४९ ला राजपद रद्द झालं, त्याला क्रांती म्हणायला माझी हरकत नाही, फक्त ते नाव मागाहून चिकटलं आहे हे ध्यानात असू द्या: फ्रेंच इतिहासकार गिझोने १८२६ मध्ये ‘इंग्लंडची क्रांती’ लिहायला घेतली तेव्हा मधे १७८९ होऊन गेलं होतं. मिल्टनला क्रांतिकवी जरूर म्हणा. मराठी अर्थाने तो शब्द त्याला शोभतो, त्याच्या स्वतःच्या इंग्रजी शब्दाने मात्र शोभला नसता.