भूलशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास कसा करावा

मिरजेत एमडी भूलशास्त्राला नुकताच प्रवेश घेतलेल्या डॉक्टरांनी जाडजूड ग्रंथ पहिल्या पानापासून वाचत बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शरीरक्रियाशास्त्र, औषधशास्त्र आणि भूलयंत्रामागचे भौतिकशास्त्र आधी पक्के करावे. यांतल्या शेवटच्या विषयाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते आणि तोंडी परीक्षेत नेमके तेच अंगाशी येते.

सकाळी पहिली केस टेबलावर येण्यापूर्वी यंत्र तपासताना सिलिंडरांचे दाबमापक नीट पाहा. ऑक्सिजन वायुरूपात असल्याने तो वापरला जाईल तसा काटा खाली येतो. नायट्रस ऑक्साइड मात्र द्रवरूपात साठवलेला असल्याने, द्रव संपेपर्यंत काटा साधारण ७४५ पीएसआयच्या (पाउंड प्रति चौरस इंच, दाबाचे एकक) आसपासच राहतो आणि उरलेला साठा वजनावरूनच कळतो. असे का घडते, हे ऑक्सिजनच्या उणे ११८ आणि नायट्रसच्या ३६.५ अंश सेल्सिअस या क्रांतिक तापमानांपासून (ज्याच्या वर कितीही दाब दिला तरी वायूचा द्रव होत नाही, ते तापमान) सुरुवात करून सहकाऱ्याला मोठ्याने समजावून सांगता आले पाहिजे, कारण परीक्षकांचा पुढचा प्रश्न हमखास तोच असतो.

औषधांच्या मात्रा पाठ कराव्याच लागतात, त्याला इलाज नाही. सांगलीहून ये-जा करणाऱ्यांना त्यासाठी बसमधला वेळ पुरतो (खिडकीची जागा मिळाली तर झोप लागते, हा भाग वेगळा). रात्रपाळीनंतर नवे प्रकरण हाती घेऊ नका. जुन्या प्रश्नपत्रिकेतले एखादे लघुत्तर आकृतीसह, घड्याळ लावून लिहून काढा आणि ते वरिष्ठांकडून तपासून घ्या.