प्रॉडक्ट ऑप्सची माणसं घ्यायचीत, राऊंड किती ठेवू?

प्रश्न : ताई, आमची पुण्यात बाणेरला साठेक जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे, प्रॉडक्ट ऑप्सला, म्हणजे प्रॉडक्ट टीमचं रोजचं काम सुरळीत चालवायला, दोन जण घ्यायचेत. सहा राऊंड होतात, सगळीकडे तेच प्रश्न, शेवटी सगळे म्हणतात 'चांगला वाटला'. तोवर दोन चांगले कँडिडेट दुसरीकडे गेलेसुद्धा. काय बदलू?

उत्तर : सहा फार झाले हो. गूगलने स्वतःच्या भरतीचा डेटा तपासला तेव्हा चार मुलाखतींच्या पुढे निर्णयात फारसा फरक पडत नाही असं त्यांना दिसलं, तुम्हाला तर तीन पुरतील. आपल्याकडे आधीच 90 दिवसांचा नोटीस पिरियड, त्यात राऊंडच महिनाभर चालले तर कोण थांबणार?

पहिला राऊंड अर्ध्या तासाचा फोन. पगार, नोटीस आणि मुख्य म्हणजे काम नक्की काय ते सांगून टाका, कारण प्रॉडक्ट ऑप्स कुठे रिलीज नोट्स (नव्या आवृत्तीत काय बदललं ते लिहिणं) असतं, कुठे जिरा (कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) आवरणं, कुठे डॅशबोर्ड.

खरा राऊंड दुसरा. तुमच्याच सपोर्टची ऐंशीएक तिकिटं, म्हणजे ग्राहकांच्या नोंदवलेल्या तक्रारी, घ्या, ग्राहकांची नावं-नंबर काढा, शीट आहे तशी विस्कटलेलीच द्या, एक तास, समोर बसून, आणि विचारा की यातून सोमवारी प्रॉडक्ट मॅनेजरला काय सांगाल. मी हे केलं तेव्हा एक मुलगी दहा मिनिटं काही टाइपच करेना, मला वाटलं अडकली, मग तिने तारखेप्रमाणे सॉर्ट केलं आणि म्हणाली, 'रिफंड आला नाही', 'पैसे अडकले', 'पेमेंट फेल' हे तीन टॅग वेगळे आहेत पण तिन्ही गुरुवारपासूनच वाढलेत, बुधवारी नव्या आवृत्तीचं रिलीज होतं का? होतं! तिच्या रेझ्युमेत प्रॉडक्ट ऑप्स हा शब्दसुद्धा नव्हता, ती बँकेच्या तक्रार विभागातून आलेली.

तिसऱ्यात एक इंजिनिअर आणि एक सपोर्टवाला बसवा, रोजचं काम त्यांच्याशीच पडणारे. 'इंजिनिअर तारीख देत नव्हता, सेल्स मागे लागलेलं, असं कधी झालं, तेव्हा नेमकं काय केलंत' एवढं विचारा आणि खोलात जा.

प्रश्न आधी ठरवा, सगळ्यांना तेच विचारा. 2022 मध्ये मानसशास्त्रज्ञ सॅकेट आणि सहकाऱ्यांनी निवडीच्या पद्धतींवरचं जुनं संशोधन पुन्हा तपासलं तेव्हा अशी आखीव मुलाखतच सगळ्यात वर आली. आणि एकमेकांशी बोलायच्या आधी प्रत्येकाने आपले मार्क कारणासकट लिहून टाकायचे, नाहीतर साहेब 'मस्त आहे' म्हणाले की बाकीचे माना डोलावतात.

घरी न्यायची असाइनमेंट मात्र देऊ नका, ज्याच्या घरी लहान मूल आहे किंवा आजारी माणूस आहे तो तिथेच गळतो आणि तुम्हाला कळतही नाही.