रोजच्या मोटरसायकलसाठी सेफ्टी शूज चालतील, की रायडिंग बूटच घ्यावेत?

तुम्ही विचारलंय: ‘रोज जाऊन-येऊन ४० किलोमीटर मोटरसायकल चालवतो. घरात स्टीलच्या टोपीचे सेफ्टी शूज पडून आहेत, तेच वापरू की खास रायडिंग बूट घेऊ? घेतले तर लांब की आखूड, वॉटरप्रूफ की साधे?’

सेफ्टी शूज नकोत. का ते सांगते, पण जरा लांबण लागेल, कारण हाच वाद आमच्या घरात चार वर्षं धुमसतोय.

माझे दाजी कारखान्यात असतात. त्यांना दर वर्षी सेफ्टी शूजचा नवा जोड मिळतो आणि त्यांचा त्या शूजवर जेवढा विश्वास आहे तेवढा माझ्या ताईवरही नसेल. मी मोटरसायकल घेतली तेव्हा हेल्मेट, जॅकेट, हातमोजे सगळं रीतसर घेतलं. बुटांपाशी गाडी अडली. ‘कशाला उगाच पैसे घालवतेस? यात स्टील आहे, वरून ट्रक गेला तरी बोटाला काही होत नाही,’ म्हणत दाजींनी माझ्या मापाचा जोड आणून दिला. दीड वर्ष तोच घातला. तक्रार एकच होती, बोटांवरची स्टीलची टोपी जाड असल्यामुळे गिअर लिव्हरखाली पाय पटकन शिरायचा नाही. दाजी म्हणाले, सवय होईल. झाली.

पडले तो प्रसंग सांगायलाही लाज वाटते, इतका किरकोळ होता. पाऊस नुकताच थांबलेला, डावं वळण, वळणावर वाहून आलेली बारीक खडी. वेग २०च्या आसपास. पुढचं चाक सरकलं आणि गाडी डावीकडे झोपायला लागली. अशा वेळी जे करू नये तेच मी केलं, पाय टेकवून गाडी सावरायला गेले. १८० किलोची गाडी पायाने सावरता येत नाही हे मला माहीत होतं, पायाला माहीत नव्हतं. तळवा खडीत रुतला, गाडी अंगावर आली आणि पाऊल बाहेरच्या बाजूला फिरलं, कुलपात किल्ली फिरते तसं. कट्ट असा आवाज हेल्मेटच्या आतही ऐकू आला.

दवाखान्यात बूट कात्रीने कापून काढावा लागला, घोटा इतका सुजला होता. बाहेरचं हाड घोट्याच्या जरा वर तुटलेलं, आतल्या बाजूचाही टवका उडालेला. एक प्लेट, आठ स्क्रू आणि सहा आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही.

तिसऱ्या दिवशी दाजी भेटायला आले ते कापलेला बूट वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन. पलंगाच्या कडेला बसले, बूट मांडीवर घेतला. पुढचं कातडं घासून रुपयाएवढा भाग निघाला होता आणि आतलं स्टील चकाकत होतं. त्यावर बोटाने टकटक करून म्हणाले, ‘बघ. पोचासुद्धा नाही. बोटं शाबूत आहेत की नाही?’

होती. दहाच्या दहा. उशांवर ठेवलेल्या पायाची बोटं मी हलवूनही दाखवली. मग त्यांच्या हातातून बूट घेतला आणि घोट्याभोवतीची पट्टी अंगठ्याने दाबली. कापड, बोटभर फोम आणि लेसची भोकं, बस. अंगठा आरपार जाईल की काय असं वाटलं. दाजी म्हणाले, ‘ते आरामासाठी असतं.’ बरोबर आहे, आरामासाठीच असतं.

आता मुद्दा. सेफ्टी शूज ज्या मानकाने तपासतात त्यात (आयएसओ २०३४५) टोपीवर २०० जूलचा आघात करतात, म्हणजे साधारण २० किलोचं वजन एक मीटरवरून सोडल्यासारखं. शिवाय १५ किलोन्यूटनने, म्हणजे दीड टन भाराने टोपी दाबून बघतात. दाजींचा ट्रक इथून येतो. पण हे सगळं बोटांच्या टोकाला आणि वरून खाली. घोट्याला मार लागला तर काय, हे तपासणं त्यात सक्तीचं नाही. पाऊल पिळलं जाईल, बूट डांबरावर घासत जाईल, गाडी आणि रस्ता यांच्यात पाऊल आडवं चेपलं जाईल, या गोष्टी कारखान्यात होत नाहीत म्हणून त्या बुटात त्यांचा विचारच नसतो.

ते ‘स्टीलची टोपी वाकते आणि बोटं कापते’ वगैरे मात्र मनावर घेऊ नका. जेवढ्या भाराने ती टोपी वाकेल तेवढ्या भाराखाली टोपी नसलेल्या बोटांचा भुगाच होईल. माझं भांडण टोपीशी नाही, टोपीच्या पुढे विचारच न करण्याशी आहे.

रायडिंग बुटांचं युरोपीय मानक आहे ईएन १३६३४. बुटाच्या जिभेवर किंवा आत शिवलेल्या लेबलवर मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र असतं आणि त्याखाली आकडे, प्रत्येक आकडा १ किंवा २. २०१७च्या आवृत्तीप्रमाणे चार आकडे असतात: पहिला बुटाच्या उंचीचा, दुसरा घासलं जाण्याला विरोधाचा, तिसरा कापलं जाण्याला विरोधाचा, चौथा आडव्या दाबाला बूट किती ताठ राहतो त्याचा. जुन्या जोडांवर तीनच दिसतील, त्यात उंचीचा नसतो. मी सगळ्यात आधी शेवटचा आकडा बघते. या चाचणीत बूट दोन पट्ट्यांमध्ये धरून चवड्यापाशी बाजूंनी दाबतात. पहिल्या पातळीला १ किलोन्यूटन झेलावे लागतात, दुसऱ्या पातळीला १.५. गाडी पायावर पडते तेव्हा हीच ताकद कामाला येते, बाकी सगळं नंतर.

आणि हे दुकानदार सांगत नाहीत: घोट्यावरच्या आघाताचं संरक्षण या मानकातही ऐच्छिक आहे. ते तपासलेलं असेल तर आकड्यांजवळ रोमन अक्षरांत ‘आयपीए’ लिहिलेलं असतं. नडगीसाठी ‘आयपीएस’, पाण्यासाठी ‘डब्ल्यूआर’. म्हणजे चार आकडे आहेत आणि आयपीए नाही, असा बूट रीतसर प्रमाणित असूनही घोट्यापाशी नुसता फोम असू शकतो. बाहेरून गोल चकती शिवलेली असते, ती बघून फसू नका. दाबून बघा, आत कडक वाटी लागते का.

लेबल नसेल तर हातांनी तपासा. टाच एका हातात, चवडा दुसऱ्या हातात, आणि ओलं कापड पिळतात तसा बूट पिळा. पिळला गेला तर ठेवून द्या. पुढे-मागे वाकायला हरकत नाही, त्याशिवाय गिअर कसा टाकणार? आडवा वाकता कामा नये. मग घालून, पूर्ण बंद करून, कुणालातरी टाच धरून ओढायला सांगा. जो बूट दुकानात ओढून निघतो तो रस्त्यावर घसरताना आधीच निघून गेलेला असतो. नाड्या असतील तर त्यावर झाकणारी पट्टी हवी, नाहीतर लोंबणारा फास गिअर लिव्हरला किंवा फूटपेगला अडकतो आणि थांबल्यावर पाय खाली येतच नाही. माझी मैत्रीण सिग्नलला अशीच आडवी झाली, गाडीसकट, शून्य वेगात.

माप संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा थोडे फुगलेले असतात, आणि गाडीवर वापरायचे तेच मोजे घालून घ्या. रायडिंग बुटाचा पुढचा भागही साध्या बुटापेक्षा जाडच असतो, त्यामुळे लिव्हरखाली पाय अडतोय असं वाटलं तर सवय लावून घेऊ नका. लिव्हर दोन दाते वर करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. मी दीड वर्ष सवय लावत बसले होते.

लांब की आखूड, तर रोजच्या ४० किलोमीटरला घोट्याच्या चांगले वर जाणारे आखूड पुरेत, फक्त आयपीए बघा. लांब बूट नडगीही वाचवतात, पण ऑफिसात दिवसभर पायात राहत नाहीत, आणि आठवड्यातून तीनदा घरी राहणाऱ्या बुटाचा उपयोग शून्य. वॉटरप्रूफचं तुमच्याकडच्या पावसावर ठरवा. एवढं लक्षात ठेवा की पँट बुटात खोचली की पाणी वरून आत जातं आणि मग तेच वॉटरप्रूफ अस्तर ते आत धरून ठेवतं. ओले बूट हीटरजवळ वाळवू नका, कातडं तडकतं. वर्षानुवर्षं डब्यात पडलेला जुना साठा स्वस्तात मिळाला तर तळ नीट बघा. पॉलियुरेथेनचा तळ न वापरताही दमटपणाने भुसभुशीत होतो आणि एके दिवशी चालता-चालता सुटून येतो.

मी बरी झाल्यावर दाजींनी दुसरा मोर्चा उघडला: ‘बूट राहू दे, लेग गार्ड बसव.’ याचं उत्तर ४० वर्षांपेक्षा जुनं आहे. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातले ९०० मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले, अहवाल १९८१ साली आला. त्यात क्रॅश बारबद्दल, म्हणजे या लेग गार्डबद्दलच, स्पष्ट लिहिलंय की घोटा-पाऊल जेवढं वाचतं तेवढ्याच जखमा मांडी, गुडघा आणि नडगीला वाढतात. मी दाजींना ते पान वाचून दाखवलं. ते म्हणाले, तेव्हाच्या गाड्या वेगळ्या होत्या.

प्रामाणिकपणे सांगायचं तर एक आकडा त्यांच्या बाजूनेही आहे, जो मी त्यांना अजून दाखवलेला नाही. २०११ साली ऑस्ट्रेलियात अपघात झालेल्या २१२ चालकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रायडिंगसाठी न बनवलेल्या, पण घोटा झाकणाऱ्या साध्या बुटांनीही शूज किंवा जॉगर्सच्या तुलनेत इजेची जोखीम निम्म्याहून कमी केलेली दिसली. म्हणजे तुमचे सेफ्टी शूज घोट्याच्या वर जाणारे असतील तर नवीन जोड येईपर्यंत तेच घाला, कापडी शूज घालून तर अजिबात जाऊ नका. आणि हेही मान्य, की माझ्या त्या पडण्यात चांगला रायडिंग बूट असता तरी हाड मोडलंच नसतं असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. तो पिळा जोराचा होता.

गेल्या महिन्यात दाजी घरी आले होते. दारात माझा बूट दिसला, उचलला, दोन्ही हातांनी पिळून बघितला. पिळला गेला नाही. पुन्हा जोर लावला. मग खाली ठेवून म्हणाले, ‘फार कडक आहेत. चालायला त्रास होत असेल.’

होतो. ऑफिसात टेबलाखाली चपलांचा एक जोड ठेवलाय.